सेवा, कार्यक्षमता आणि झेपणे : महाराष्ट्रातील परिचारिकांच्या कार्यसामर्थ्याचा ऐतिहासिक विचार

१

शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागात न्हावरे हे गाव आहे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता ह्या गावावरून जातो, आणि पुढे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात केडगावजवळ पोहोचतो. घोडगंगा सहकारी साखर कारखाना ह्याच परिसरात उभा राहिला. बागायत वाढली, तशी वाहतूक वाढली व हंगामात येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांची ये-जाही वाढली. येथे शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयाचा नेहमीचा आकार तीस खाटांचा असतो. प्रसूती, रस्त्यावरचे अपघात, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, लसीकरण, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया आणि ह्या सर्वांच्या नोंदी अशी तेथील परिचारिकेच्या कामाची सर्वसाधारण रूपरेषा असते. वैद्यकीय अधिकारी बदलतात, रुग्ण तर रोजच बदलतात. रुग्णालयाचे सातत्य मुख्यतः परिचारिकेच्या वावरण्याने टिकते.

हे वावरणे तिला किती वर्षे आणि कोणत्या अटींवर शक्य होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आरोग्यशास्त्रात ह्या प्रश्नाचा अभ्यास 'कार्यसामर्थ्य' ह्या कल्पनेखाली होतो. प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय भाषाशास्त्र असल्यामुळे वैद्यकीय मोजमापाचा अधिकार तो सांगत नाही. परंतु ज्या शब्दांनी समाजाने परिचारिकेचे काम ओळखले, त्या शब्दांनीच तिच्या श्रमाविषयी कोणते प्रश्न विचारावयाचे व कोणते विचारावयाचे नाहीत हेही ठरविले, असे दिसते. म्हणून शब्दांचा आणि संस्थांचा इतिहास येथे एकत्र पाहिला आहे.

२

आरंभ चरकसंहितेपासून करणे सोयीचे आहे. तिच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाला चार गुण दिले आहेत. परिचर्या करणाऱ्याच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण अपेक्षित आहेत. परिचारकाला वैद्याच्या व औषधाच्या पंक्तीला बसविणारी ही मांडणी आजही आदराने उल्लेखिली जाते व ते योग्यच आहे. मात्र ह्या चार गुणांत सामर्थ्याचा उल्लेख नाही. काम करणाऱ्याचे शरीर थकते, ही गोष्ट यादीबाहेरच राहिली आहे.

नवल असे की, स्वतः शब्दांना मात्र ह्या शरीराची आठवण आहे. 'उपस्थाता' म्हणजे जवळ उभा राहणारा. 'परिचर्' म्हणजे भोवती वावरणे, आणि त्यावरून 'परिचारिका'. उभे राहणे आणि चालणे ह्या दोन क्रिया ह्या व्यवसायाच्या नावांतच आहेत. परिचारिकांच्या दीर्घकालीन तक्रारींत पाठ, कंबर, गुडघे व पाय ह्यांना जे स्थान आहे, ते पाहता ही नावे फार नेमकी म्हणावी लागतील. 'शुश्रूषा' ह्या शब्दाची वाट वेगळी आहे. 'श्रु' ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यातून आज्ञाधारकपणा, आज्ञाधारकपणातून सेवा व सेवेतून रुग्णसेवा असा अर्थविस्तार झाला. आज रुग्णाची शुश्रूषा म्हणताना आज्ञेचा भाग कोणाच्या ध्यानी येत नाही. पण रुग्णालयाच्या उतरंडीत तो नाहीसा झाला आहे, असे म्हणवत नाही.

लोकभाषेत प्रसूतीच्या वेळी मदत करणारी बाई ती 'सुईण'. हा शब्द प्रसववाचक 'सू' धातूच्या कुळातला. 'दाई' हा शब्द फारसीतून आला. सुईणीचे कौशल्य मोलाचे मानले जाई, परंतु सोयराच्या विटाळाशी जोडलेले असल्यामुळे ते काम हलकेही मानले जाई. गरज आणि हीनत्व ह्यांचे हे जोडपे पुढे पाश्चात्य पद्धतीची परिचर्या महाराष्ट्रात आली, तेव्हा तिच्याही वाट्याला आले. रक्त, मलमूत्र व परपुरुषाचा स्पर्श ज्या कामात येतो, ते 'चांगल्या घरच्या' स्त्रीचे नव्हे, ही समजूत दीर्घकाळ टिकली.

३

मुंबईत जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ साली आणि पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या नावाची परिचर्याशाळा १८६० सालची. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, तरी येथील आरोग्याच्या प्रश्नांत त्यांनी आयुष्यभर लक्ष घातले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईच्या रुग्णालयांत प्रारंभी परिचर्येची व्यवस्था अँग्लिकन भगिनीसंघांकडे होती. 'सिस्टर' हे संबोधन धर्मसंघातून रुग्णालयात आले व आजही टिकून आहे. न्हावऱ्यासारख्या गावातील वृद्ध रुग्णही परिचारिकेला 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतो. ह्या शब्दाबरोबर एक गृहीतही आले. ते असे की, ही स्त्री संसाराबाहेरची आहे व तिचा सर्व वेळ संस्थेचा आहे.

दुसरा प्रवाह स्त्रियांच्या वैद्यकीय गरजेतून निघाला. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-वैद्यांची आवश्यकता आग्रहाने मांडली. १८८५ साली लेडी डफरिन निधीची स्थापना झाली. स्त्री-वैद्यांबरोबरच परिचारिका व सुइणी ह्यांना शिक्षण देणे हा त्याच्या उद्दिष्टांचा भाग होता. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ सालचे. हंटर आयोगापुढे बोलणाऱ्या रमाबाईंनी पुढे दुष्काळग्रस्त स्त्रियांसाठी ज्या केडगावी मुक्तिसदन उभारले, ते केडगाव न्हावरे-चौफुला रस्त्याच्या पलीकडच्या टोकालाच आहे, हा योगायोग ह्या परिसराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८९७ च्या प्लेगाने हा प्रश्न पुण्याच्या दाराशी आणला. त्या साथीत सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी पुण्याजवळ ससाणे मळ्यात रुग्णांची व्यवस्था केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले, स्वतः त्या प्लेगाने ग्रासल्या व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ह्या मरणाकडे आपण त्यागाची पराकाष्ठा म्हणून पाहतो व तसे पाहणे उचितच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात दुसरीही गोष्ट दिसावी. परिचर्या करणारा देह धोक्याखाली असतो, ही गोष्ट ह्या घटनेने जाहीर झाली होती. समाजाने त्यातून वंदनाचा विषय घेतला. संरक्षणाचा विषय घ्यावयाचा राहून गेला.

४

पुण्यात सेवासदनाची स्थापना १९०९ साली झाली. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या पुढाकाराने ह्या संस्थेने परिचारिका व सुईण ह्यांच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठविण्यास आरंभ केला. त्यांपैकी अनेक विधवा होत्या. उच्च मानलेल्या जातींतील हिंदू स्त्रिया ह्या कामाकडे वळल्या, ही सामाजिक क्रांतीच होती. त्यासाठी संस्थेला वसतिगृह, देखरेख आणि निष्कलंक चारित्र्याची हमी ह्यांची तटबंदी उभारावी लागली. हे काम हलके नव्हे, पवित्र आहे, असे लोकांना पटविणे भाग होते. पटविण्याचे साधन होते 'सेवा' हा शब्द. संस्थेच्या नावातच तो होता.

ह्या शब्दाने परिचारिकेला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. पण प्रतिष्ठेची किंमतही त्याने ठरविली. सेवा ही तासांनी मोजावयाची नसते, सेवेचा मोबदला मागावयाचा नसतो आणि सेवा करताना थकलो असे म्हणावयाचे नसते. धर्मभगिनी असो वा विधवा, दोन्ही प्रतिमांत परिचारिकेला स्वतःचे घर नाही. रुग्णालयाच्या आवारात राहणारी व केव्हाही बोलावता येणारी स्त्री डोळ्यांपुढे ठेवून कामाच्या वेळा व निवासाचे नियम घडले. पुढे ह्या व्यवसायात विवाहित, लेकुरवाळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. नियमांमागची प्रतिमा मात्र बरीचशी जुनीच राहिली. रात्रपाळीहून घरी आलेल्या स्त्रीची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते, ही गोष्ट वेळापत्रक तयार करणाऱ्याच्या हिशेबात कधी आली नाही.

व्यवसायाची संघटना व कायदे ह्यांचा क्रम थोडक्यात असा सांगता येईल. अखिल भारतीय पातळीवर प्रशिक्षित परिचारिकांची संघटना १९०८ साली स्थापन झाली. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत ह्यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. ह्यांपैकी सर्वांत उद्बोधक दस्तऐवज म्हणजे १९४३ साली नेमलेल्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट ५०० लोकांमागे एक असे ठेवण्यात आले. परिचारिकांची संख्या वाढवावयाची तर त्यांच्या राहण्याच्या व कामाच्या परिस्थितीत सुधारणा हवी, हा मुद्दाही समितीने मांडला होता. संख्या वाढविण्याचे प्रयत्न झाले. परिस्थितीचा मुद्दा पुढील समित्यांच्या शिफारशींत पुनःपुन्हा येत राहिला. एकच शिफारस पुनःपुन्हा करावी लागते, ह्याचा अर्थ उघड आहे.

५

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय अस्तित्वात आले व राज्यकारभाराची मराठी परिभाषा घडू लागली. शासकीय रुग्णालयांत मेट्रनला 'अधिसेविका', वॉर्ड सिस्टरला 'परिसेविका', स्टाफ नर्सला 'अधिपरिचारिका' ही पदनामे रूढ झाली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर खेड्यातील सहायक परिचारिका-प्रसाविकेचे रूपांतर बहुउद्देशीय कार्यकर्तीत झाले. तिला मराठीत 'आरोग्यसेविका' म्हणतात. पद जसजसे वर जाते, तसतसे उपसर्ग बदलतात, परंतु 'सेविका' सुटत नाही. डॉक्टरला मात्र 'वैद्यकीय अधिकारी' म्हणतात. एकाच छपराखाली एकाच्या नावात अधिकार व दुसरीच्या नावात सेवा, ही वाटणी निव्वळ परिभाषेची नव्हे. केंद्र शासनाने २०१६ साली स्टाफ नर्स ह्या पदाचे नाव 'नर्सिंग ऑफिसर' असे बदलले, ही घटना ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ग्रामीण भागातील कामाचे ओझे ह्या काळात तीन मार्गांनी वाढले. कुटुंबनियोजनाची लक्ष्ये हा पहिला मार्ग होय. १९९६ साली ती औपचारिकपणे मागे घेण्यात आली. तोपर्यंत खेड्यातील आरोग्यसेविकेचे मूल्यमापन बव्हंशी शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर होत असे. दुसरा मार्ग २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा व जननी सुरक्षा योजनेचा. त्यामुळे घरातील प्रसूती रुग्णालयात आली. माता व बालक ह्यांच्या दृष्टीने हा लाभच होता, परंतु प्रसूतिगृहातील रात्र परिचारिकेला जड झाली. ह्याच काळात कंत्राटी नेमणुका वाढल्या, आणि उद्याच्या नोकरीची अनिश्चितता आजच्या थकव्यात मिळाली. तिसरा मार्ग नोंदींचा. प्रत्येक योजनेबरोबर नवी नोंदवही आली, नंतर संगणकावरची नोंद आली, आणि जुनी नोंदवही सहसा गेली नाही.

येथे एक साधा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. रुग्णालयात एका जागी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर आठवड्यात २१ पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका आठवड्यात सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेस साडेतीन परिचारिका लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण ह्यांसाठी तीस टक्के राखीव धरल्यास हा आकडा साडेचारच्या वर जातो. कक्ष आणि प्रसूतिगृह अशा दोनच जागा धरल्या तरी नऊ परिचारिका झाल्या. केंद्र शासनाच्या २०१२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांत तीस खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रास दहा परिचारिका सांगितल्या आहेत. म्हणजे सर्व पदे भरलेली असतील, तरच रात्री दोघी जणी असतात. दोन-तीन पदे रिकामी राहिली की दोघींची एक होते. अशा रात्री एक प्रसूती अडली व त्याच वेळी महामार्गावरचा अपघात दाराशी आला, तर त्या एकटीने कोठे असावे, ह्याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

एकटेपणाला सुरक्षिततेची बाजूही आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवरच्या सुमारे बेचाळीस वर्षांत त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. कामाच्या जागेने जे हिरावून घेतले, ते सहकारिणींनी आपल्या श्रमाने सांभाळले. रुग्णालयातील हिंसेस प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० साली झाला. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुइणी ह्यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. त्याच वर्षी करोनाची साथ आली, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ससाणे मळ्याप्रमाणे पुन्हा वंदन झाले, टाळ्या वाजल्या.

६

आता कार्यसामर्थ्याच्या कल्पनेकडे वळू. १९८१ साली फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने नगरपालिकांतील वयस्क कामगारांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातून युहानी इल्मारिनेन, काइया तुओमी प्रभृतींनी कार्यसामर्थ्य-निर्देशांक तयार केला. त्यात सात अंगे आहेत : आयुष्यातील सर्वोत्तम काळाच्या तुलनेने आजचे सामर्थ्य, कामाच्या शारीरिक व मानसिक मागण्यांच्या संदर्भातील सामर्थ्य, निदान झालेले आजार, आजारांमुळे कामात येणारा अडथळा, वर्षभरातील आजारपणाची रजा, दोन वर्षांनंतर हेच काम करता येईल काय ह्याचा स्वतःचा अंदाज, आणि मानसिक बळ. गुणसंख्या ७ ते ४९ असते. २७ व त्याखालील गुण क्षीण सामर्थ्याचे, तर ४४ व त्यावरील उत्कृष्ट सामर्थ्याचे मानतात. पुढे युरोपातील दहा देशांत परिचारिका व्यवसाय लवकर का सोडतात ह्याचा जो अभ्यास झाला, त्यातही हाच निर्देशांक वापरला गेला.

फिनलंडच्या अकरा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. वयाबरोबर सामर्थ्य सर्वांचे सारखे घटत नाही. ज्यांच्या कामाची कदर कमी झाली, त्यांचे सामर्थ्य घटले. ज्यांच्या वरिष्ठांचे वर्तन सुधारले, कामातील एकसुरी शारीरिक हालचाल कमी झाली आणि व्यायाम वाढला, त्यांच्यापैकी काहींचे सामर्थ्य वय वाढूनही वाढले. रात्रपाळीचा शरीरावरील परिणाम हा तर स्वतंत्र विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ व २०१९ अशा दोन्ही वेळा अशा कामाची गणना मानवात बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या घटकांत केली आहे. तात्पर्य, कार्यसामर्थ्य हा व्यक्तीचा अंगभूत गुण नसून व्यक्ती आणि काम ह्यांमधील संबंध आहे.

हा संबंध मराठीत कसा मांडावयाचा? 'कार्यक्षमता' हा शब्द सहज सुचतो, आणि येथेच घोटाळा होतो. कार्यक्षमता हा शब्द यंत्राला, कार्यालयाला व कर्मचाऱ्याला सारखाच लागतो, आणि गोपनीय अहवालात तो वरिष्ठाच्या लेखणीतून येतो. आपली आजची कार्यक्षमता दहापैकी किती, असा प्रश्न एखाद्या अधिपरिचारिकेला विचारला, तर तिला तो परीक्षेचा प्रश्न वाटणार. कमी गुण घेणे म्हणजे कामचुकारपणाची कबुली देणे. ती नऊ लिहील, आणि अभ्यासक समाधानाने तो आकडा नोंदवील.

बोलीत मात्र ह्या कल्पनेसाठी नेमके क्रियापद आहे, आणि ते म्हणजे 'झेपणे'. 'ती काम करते' ह्या वाक्यात ती कर्ता आहे. 'तिला काम झेपते' ह्या वाक्यात क्रियापद कामाशी जुळते आणि ती चतुर्थीत जाते. मराठीच्या शक्य क्रियापदांचीही हीच रीत आहे : 'मला आता उभे राहवत नाही', 'तिला जिना चढवत नाही'. येथे इच्छेचा वा कर्तव्यबुद्धीचा प्रश्न नाही. काम एका बाजूस आणि देहमनाचे बळ दुसऱ्या बाजूस ठेवून वाक्य दोहोंचा मेळ सांगते. काम झेपत नाही म्हणणारी स्त्री काम टाळते आहे, असा अर्थ होत नाही. काम मोठे आहे, माणसे कमी आहेत किंवा शरीर थकले आहे, ह्यांपैकी काहीही त्यात असू शकते. फिनलंडमधील संशोधकांनी अकरा वर्षांच्या पाहणीतून जो संबंध सिद्ध केला, तो आपल्या भाषेच्या विभक्तिव्यवस्थेत पूर्वीपासून आहे.

७

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. महाराष्ट्रातील परिचर्येच्या इतिहासात परिचारिकेला प्रथम विटाळाच्या शब्दांनी, नंतर सेवेच्या शब्दांनी आणि त्यानंतर कार्यक्षमतेच्या शब्दांनी तोलण्यात आले. तिन्ही मापे बाहेरून लावलेली होती. तिला काम झेपते किंवा नाही, हा प्रश्न त्या इतिहासात अभावानेच विचारलेला आढळतो. दुसरी गोष्ट आपल्या विद्याशाखेपुरती आहे. परकीय प्रश्नावलीचे भाषांतर हे संशोधनाचे किरकोळ पूर्वकृत्य समजण्यात येते. तसे समजणे चूक आहे. एक शब्द बदलल्याने उत्तर बदलते, उत्तराने आकडा बदलतो, आणि आकड्यावरून पदे मंजूर होतात किंवा होत नाहीत. कार्यसामर्थ्याची प्रश्नावली मराठीत आणताना ती परिचारिकांच्या बोलण्यावरून घडवावी. पुण्याच्या कार्यालयात बसून ती घडविता येणार नाही. न्हावरे, शिरूर, दौंड अशा ठिकाणी पाळी बदलते त्या वेळी, जाणारी परिचारिका येणाऱ्या परिचारिकेला रात्रीचा वृत्तान्त सांगते. तो सांगताना कोणती क्रियापदे येतात, ती टिपून घेण्यापासून पदव्युत्तर विद्यार्थ्याने ह्या कामास आरंभ करावा.